पाणी न पिणारे नॅपकिन

"हे कापड पाणी पीत नाही," असं आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली होती. नव्या नॅपकिनचा पहिला गठ्ठा फोडला तेव्हा तिने वरचा एक उचलला, ओल्या बोटांनी त्यावर दोन थेंब सोडले आणि बघत उभी राहिली. थेंब पसरले नाहीत, मण्यांसारखे जागच्या जागी बसून राहिले. आत्याने तो नॅपकिन साहेबांच्या नाकासमोर धरला. साहेब हसले. म्हणाले, "आजी, नवं कापड आहे. दोनदा धुतलं की पिईल." मग त्यांनी लेबल उलटून दाखवलं. शंभर टक्के सुती, असं छापलेलं होतं. छापलेल्या अक्षरांपुढे बाईच्या बोटांना कोण विचारतो!

आमची लाँड्री हॉटेलच्या तळघरात आहे. वर संगमरवर आणि फुलदाण्या, खाली वाफ, ब्लीचचा वास आणि आमची तोंडं. एका भिंतीला धुण्याची मशिनं, समोरच्या भिंतीला इस्त्रीचे रोलर आणि मध्ये, मोरीच्या जाळीजवळ, खळीचा हंडा. हा हंडा एकतीस वर्षं आत्याच्या हातात आहे. ती माझी सख्खी आत्या, बाबांची धाकटी बहीण. मला इथे तिनेच चिकटवलं. पण लाँड्रीत तिला सगळेच आत्या म्हणतात, तिच्याहून मोठा असलेला बॉयलरवालासुद्धा. आजी म्हणणारा एकच, आठ महिन्यांपूर्वी आलेला हा मॅनेजर. तोंडावर साहेब, पाठीमागे कडक कॉलर. आत्याचं वय छप्पन्न, लग्न केलेलं नाही. "मेल्याने सासूसुद्धा न दाखवता थेट आजी केली मला," असं ती म्हणायची आणि आम्ही रोलरवर पोट धरून हसायचो.

खळ शिजवणं म्हणजे काय मोठंसं, असं वर बसणाऱ्यांना वाटतं. पीठ आणि पाणी! पण पीठ आधी गार पाण्यात कालवावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात. मग ते उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडायचं आणि लाकडी दांड्याने ढवळत राहायचं, दुधासारखं पांढरं पाणी काचेसारखं दिसेपर्यंत. आत्या मग अंगठा आणि बोट खळीत बुडवायची, दोन्ही चोळायची आणि हळूच विलग करायची. तार यायला हवी आणि लगेच तुटायला हवी. तुटली नाही तर खळ घट्ट. "खळ कापडाच्या अंगात जायला हवी, अंगावर बसायला नको," हे वाक्य मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

नवे नॅपकिन चार वेळा धुतले गेले तरी लुळेच. वरच्या हॉलमध्ये नॅपकिनची पंख्यासारखी घडी करून ती प्लेटमध्ये उभी ठेवतात. हे पंखे पाहुणे येण्याआधीच मान टाकायचे. मुख्य वेटर तणतणत खाली आला. त्याच्या मागोमाग साहेब आले, त्या दिवशी आवाज अगदी मऊ लावून. मला त्यांचा चढलेला आवाज चालतो, मऊ आवाज आला की कुणावर तरी गदा येणार हे ठरलेलं.

"आजी, खळ पातळ होतेय का थोडी?"

"खळ बरोबर आहे. आचाऱ्यांचे कोट बघा, त्याच हंड्यातले आहेत. कसे ताठ आहेत! दोष कापडात आहे."

"कापड मी स्वतः निवडलंय."

"मग निवडताना हात ओला करायचा होता," आत्या म्हणाली.

कुणीतरी खुसखुसलं. तेच नडलं. साहेबांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि त्याच मऊ आवाजात, प्रत्येकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे बघा, वय झालं की हात राहत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत बघू. नाहीच जमलं तर आजींना मळक्या कपड्यांच्या खोलीत बसून काम देऊ. तिथे खुर्ची आहे."

मळक्या कपड्यांच्या खोलीत काय असतं ते सांगते. लोकांनी तोंड पुसलेले, नाक शिंकरलेले, हाडं गुंडाळून टाकलेले नॅपकिन वेगळे करायचे असतात. नवीन बाई लागली की तिला पहिले सहा महिने तिथे टाकतात. एकतीस वर्षं जिने सगळ्या हॉटेलची कापडं उभी ठेवली तिला हा माणूस खुर्ची दाखवत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या दिवशी रोलरवर एकामागून एक टेबलक्लॉथ असे घातले की शेजारची म्हणाली, "अगं, मशीन आहे ते, साहेब नव्हे."

आणि मग मी जे केलं ते केलं.

आत्या साडेदहाला चहाला जायची. दहा मिनिटं हंडा एकटा असायचा आणि माझा रोलर त्याच्यापासून पाच पावलांवर. दुसऱ्या दिवशी ती वळली तशी मी दोन मग पीठ गार पाण्यात कालवून हंड्यात ओतलं आणि ढवळलं. मनात हेच, की नॅपकिन एकदाचे उभे राहू देत, त्या माणसाचं तोंड बंद होऊ दे, आत्याची जागा राहू दे. तिला सांगितलं असतं तर तिने दांडाच घातला असता पाठीत. म्हणून नाही सांगितलं.

नॅपकिन उभे राहिले. दोन दिवस उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मुख्य वेटर पुन्हा खाली आला तो हातात एक काळा कोट घेऊन. कुणा बड्या पाहुण्याचा. मांडीवर नॅपकिन उलगडताना त्यातून पांढरा भुगा पडला होता, कोटभर, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. त्याच दुपारी एक आचारी मान चोळत आला. "आत्या, काय घातलंत कोटात? कॉलरने गळा कापला माझा. हा कोट आता मी नसलो तरी उभा राहून भाजी चिरेल!" सगळे हसले. आत्या हसली नाही. तिने कोटाची बाही हातात घेतली, मुडपली. कड कड वाजली.

मी बघत होते. ती हंड्याकडे गेली, अंगठा आणि बोट बुडवलं, विलग केलं. तार आली. तुटेचना.

"असं कसं?" ती स्वतःशीच म्हणाली. मग मला, "काय गं, मी आज दोनदा पीठ घातलं का? तू बघितलंस का?"

हीच ती वेळ होती. मी म्हणाले, "नाही बाई, माझं लक्ष नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून ती पिठाचे मग मोजून घ्यायला लागली. एकतीस वर्षं जिने ओंजळीने पीठ घेतलं ती बाई मग भरून, काठावर बोट फिरवून, ओठांनी एक दोन तीन म्हणायला लागली. आणि मी? मला वाटलं, ती आता भिऊन कमी घालतेय, म्हणजे नॅपकिन पुन्हा लुळे पडणार. मी आणखी अर्धा मग वाढवला. हे लिहिताना माझेच कान तापतायत. पण तेव्हा मला मी फार शहाणी वाटत होते. रोज संध्याकाळी घरी जाऊन साहेबांच्या नावाने बोटं मोडत होते आणि रोज सकाळी साडेदहाला आत्याच्या पाठीमागे हंड्यात हात घालत होते.

ती गप्प होत गेली. कापड पाणी पीत नाही, हे म्हणायचं तिने सोडून दिलं. एकदा कपडे बदलताना म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं ना गं? दुधात दोनदा साखर. मग गॅस. मग आपण कोण तेच."

माझी आजी शेवटची पाच वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. बाबांना ती दूधवाला समजायची. हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मी म्हणाले, "काहीतरीच काय!" आणि तिच्याआधी बाहेर पडले.

गुरुवारी माझ्या नणंदेने हे सगळं उलटंपालटं केलं. वन्सं शाळेत विज्ञान शिकवतात, आमच्याच घरात राहतात आणि त्यांना सुती शर्टाच्या कॉलरी ताठ लागतात, म्हणून मी अधूनमधून उरलेली खळ प्लास्टिकच्या डब्यातून घरी नेते. तो डबा दोन दिवस ओट्यावर तसाच पडला होता. वन्संनी तो धुवायला घेतला आणि मला हाक मारली.

"वहिनी, इकडे ये. गंमत बघ."

डब्याच्या आतली खळ वाळून तिचा एक अखंड पापुद्रा झाला होता. त्यांनी नख लावलं तर सगळाच निघून हातात आला, डबा स्वच्छ. ज्या लाकडी चमच्याने मी खळ ढवळली होती त्याच्यावर मात्र ती दगडासारखी बसली होती, सुरीने खरवडूनही निघेना.

"लाकडाला धरते आणि प्लास्टिकला सोडते, असं का?" मी विचारलं.

"पीठ म्हणजे साखरेच्या बारीक कड्यांची लांबच लांब साखळी. सूतही तसंच, साखरेच्याच कड्या, फक्त गुंफण वेगळी. लाकूडही त्याच घराण्यातलं. या सगळ्यांचं पाण्याशी जमतं. पाण्यात सुताचा धागा फुगतो, मोकळा होतो, खळ त्याच्या फटीफटीत शिरते. पाणी उडून गेलं की या साखळ्या एकमेकींना जागोजागी धरून बसतात. माहेरची माणसं भेटल्यावर सोडतात का लवकर? तसंच."

"आणि प्लास्टिक?"

"ते पाण्याला जवळच करत नाही. फुगत नाही, उकलत नाही, नुसतं गुळगुळीत. खळ त्याच्यावर बसते, वाळते आणि सुटते."

डबा गुंडाळून आणलेला एक नवा नॅपकिन माझ्या पर्समध्ये होता. मी तो त्यांच्यापुढे टाकला. वन्संनी त्याचा एक धागा ओढला, चिमट्यात धरून गॅसवर नेला. सुताचा धागा जळून राख होते. हा आखडला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला.

"कसलं सुती?" वन्सं म्हणाल्या. "यात सूत असलंच तर तोंडी लावण्यापुरतं. याला कितीही खळ घाला, वरच बसणार. आणि जेवढी घट्ट घालाल तेवढा भुगा."

जेवढी घट्ट घालाल तेवढा भुगा. मी ओट्याला टेकून उभी राहिले. आत्याने दोन थेंबांत जे ओळखलं होतं ते मला कळायला शाळेची बाई, चिमटा आणि गॅस लागला. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे, तो भुगा साहेबांच्या कापडाचा जेवढा होता तेवढाच माझ्या मगाचाही होता.

पण माणूस स्वतःवर फार वेळ चिडत नाही, दुसरा कुणी हाताशी असला तर. माझ्या हाताशी साहेब होते. मी ठरवलं, आधी या माणसाला सगळ्यांसमोर खोटा पाडायचा. तो खोटा पडला की आत्या खरी ठरेल, मग पिठाचं सांगायची गरजच काय? वन्संनी कसं दाखवायचं ते सांगितलं. शुक्रवारी मी हंड्याला हात लावला नाही.

शनिवारी साहेब, मुख्य वेटर आणि खरेदीचा कारकून असे तिघे खाली आले. साहेबांच्या हातात विकतच्या तयार खळीच्या स्प्रेची बाटली होती. "आजी, आजपासून—" त्यांनी सुरुवात केली.

"दोन मिनिटं साहेब," मी म्हणाले, आणि रोलर बंद केला. "आधी हे बघा आणि मग काय ते बोला."

जुने सुती नॅपकिन आता फरशी पुसायला ठेवलेले होते. त्यातला एक धुतलेला आणि नव्यातला एक, असे दोन्ही मी आत्याच्या खळीत बुडवले. मग दोन्ही नळाखाली धरले, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळखळून धुतले आणि पिळून टेबलावर पसरले. भिंतीवरच्या औषधाच्या पेटीतली आयोडीनची बाटली काढून थोडं पाण्यात घातलं.

"आयोडीन पिठाला लागलं की निळं होतं," मी म्हणाले. "एवढं तर शाळेत सगळेच शिकलोय."

जुन्या नॅपकिनवर थेंब टाकला. टाकताक्षणी शाई सांडल्यासारखा गडद निळा डाग पडला. एवढं धुऊनही त्याने खळ सोडली नव्हती. नव्यावर थेंब टाकला. पिवळट डाग, मध्ये एखाददुसरा निळा ठिपका, बस. खळ नळाबरोबर मोरीत गेली होती.

मग मी लायटर मागितला आणि धाग्याचा मणीही करून दाखवला. कारकून लेबल वाचत बसला, जसं काही अक्षरं बदलतील. बॉयलरवाला मागून म्हणाला, "आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली होती." मला इतका आनंद झाला की छाती भरून आली. मी साहेबांकडे बघत राहिले. आता हा माणूस माफी मागणार, सगळ्यांसमोर मागणार, मागायलाच हवी!

"म्हणजे सप्लायरने फसवलं आपल्याला," साहेब म्हणाले. आपल्याला! "बरं झालं लक्षात आलं. गठ्ठे परत पाठवू. आजी, गैरसमज झाला जरा." आणि स्प्रेची बाटली दुसऱ्या हातात घेत, सहज विचारल्यासारखं, "पण आचाऱ्यांचे कोट तर सुतीच आहेत ना? ते पत्र्यासारखे कसे झाले? ती खळ तर घट्टच होती की."

मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे झाली.

"ते माझं," ती म्हणाली. "कापडाचं काय ते कळलं, पण खळ माझ्याकडूनच घट्ट झाली. पंधरा दिवस होतेय. मी मोजून घालते तरी होते. मला आता लक्षात राहत नाही." ती कमरेचं एप्रन सोडायला लागली. गाठ सुटेना, ओली होती. "साहेब म्हणाले त्यात खोटं नाही. खळीत घोटाळा झाला तर चालून जाईल, उद्या बॉयलरपाशी झाला तर? मी बसते त्या खोलीत."

"आत्या, मी घातलं," मी म्हणाले.

ती गाठच सोडत होती.

"आत्या, पीठ मी घातलं. तू चहाला गेलीस की रोज. आधी दोन मग, नंतर अडीच. तू एकदाही चुकली नाहीस."

साहेब म्हणाले, "चला, मग तर प्रश्नच मिटला," आणि जिना चढून गेले. त्यांच्यापुरता तो खरंच मिटला होता. त्या माणसाचा राग मला आजही येतो, पण त्या क्षणी मला तो दिसलाही नाही. आत्याने एप्रन पुन्हा बांधलं, पाळी संपेपर्यंत खळ घातली. सगळ्यांशी बोलली, माझ्याशी नाही.

चार वाजता कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच उरलो. ती बाकावर बसली होती, पायांत चपला न घालता.

"का घातलंस?"

"नॅपकिन लुळे पडत होते. तुझी जागा जाईल म्हणून—"

"ते नाही विचारलं. पीठच का घातलंस?"

"खळ कमी पडतेय असं वाटलं."

"कुणाची खळ?"

मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"माझी. मी सांगत होते, खळ बरोबर आहे, कापड वाईट आहे. तो नाही म्हणाला, आणि तुलाही ते पटलं. तो निदान माझ्या तोंडावर म्हणाला गं. तू माझी पाठ वळली की रोज म्हणत होतीस." तिचा आवाज चढला नाही. "तो परका. आठ महिन्यांचा. त्याने म्हातारी म्हटलं तर मी त्याच्या नावाने चार शिव्या घातल्या आणि जेवले. तुला विचारलं मी, दोनदा घातलं का म्हणून. माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणालीस. आईचं बोलले तेव्हा उठून गेलीस."

"चुकलं आत्या."

"डॉक्टरकडे जाऊन आले मी. डोक्याचा फोटो काढायला सांगितलाय, मंगळवारची वेळ घेतलीय. घराची एक किल्ली शेजारी देऊन ठेवली, दार उघडता नाही आलं तर. आणि परवा तुझ्या बापाला सांगितलं, दादा, माझंही आईसारखं होतंय. रडला तो फोनवर. मी त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं."

माझ्या बाबांना माहीत होतं, आणि मला नव्हतं. साहेबांना पंधरा दिवस शिव्या घालताना मला शब्द कधी कमी पडले नव्हते. आता मी नुसत्या तिच्या चपला उचलून तिच्या पायांशी ठेवल्या.

आत्याने पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"तूच सांग त्याला. मी नाही सांगणार."

दोन रिंग झाल्या. तिसऱ्या रिंगला बाबांनी उचलला. ते माझ्याशी बोलतात त्या आवाजात नाही, लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "हं, बोल. घाबरू नकोस. कुठे आहेस तू? घरचा रस्ता आठवतोय ना?"